खाऱ्या पाण्याच्या फिश टँकला सावित्रीतली गोगलगाय चालेल का?

नाही. महाड-पोलादपूरला सावित्री दारातच आहे, पण तिच्यातली गोड्या पाण्याची गोगलगाय खाऱ्या टँकमध्ये तगत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ती मेली की पाणी नासतं आणि मासेही दगावू शकतात.

काचेवरच्या शेवाळासाठी समुद्री गोगलगायीच घ्या, त्याही टँकमध्ये शेवाळ धरल्यावर. आधी सोडल्या तर उपाशी मरतील. उरलेलं खाद्य शंखातले छोटे खेकडे संपवतात. त्यांच्यासाठी मोठे रिकामे शंख ठेवा, नाहीतर ते शंखासाठी गोगलगायीलाच मारतात!

वाळू साफ करणारी समुद्रकाकडी कुणी देऊ केली तर सरळ नाही म्हणा. 2001 पासून तिला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे; पकडणं, विकणं गुन्हा.

आणि माशांना तांब्याचं औषध द्यायचं असेल तर वेगळ्या टँकमध्ये द्या. गोगलगायी, खेकड्यांना ते विषच.