गिरकी घेणाऱ्या गोळ्याचा कल

155 मिलिमीटरच्या तोफेतून सुटलेला गोळा सेकंदाला अडीचशेच्या आसपास गिरक्या घेत जातो. या गिरकीमुळेच तो भोवऱ्यासारखा स्थिर राहतो, आणि तिच्यामुळेच त्याचे नाक नेमके कुठे रोखलेले आहे हे कळणे अवघड होते. विमानाला दिशा सांगणारा जायरोस्कोप इथे कामाचा नव्हता. नळीतला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींहूनही मोठा असतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने हा प्रश्न सुटला, त्याचे श्रेय बहुधा लहान, स्वस्त चुंबकीय सेन्सरांना दिले जाते. माझ्या मते ते त्याआधीच्या एका कल्पनेला जायला हवे. कोन थेट मोजण्याच्या मागे न लागता वेळ मोजायचा, ही ती कल्पना.

पहिले महायुद्ध संपता संपता राल्फ फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्ट्समथला पुठ्ठ्यांच्या रांगेतून गोळे डागले. गोळा सरळ गेला तर भोक गोल पडे, तिरका गेला तर लांबट. त्या भोकांवरून त्यांनी गोळ्याचे डोलणे काढले. 1920 साली रॉयल सोसायटीने छापलेला त्यांचा निबंध गोळ्यांच्या उड्डाणाच्या शास्त्राचा पाया ठरला. पण पुठ्ठे उभे करता येतात ते तोफेच्या जवळपास. पुढचे कित्येक किलोमीटर गोळा कसा डोलतो, हे त्यांवरून कळत नसे. दुसऱ्या महायुद्धात, लक्ष्याजवळ पोहोचताच रेडिओच्या साहाय्याने गोळा फोडणाऱ्या प्रॉक्सिमिटी फ्यूजने रेडिओचे व्हॉल्व्हही तोफेचा धक्का सोसतात हे सिद्ध केले. म्हणजे गोळ्यातच उपकरण बसवता येणार होते, आणि 1960च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत सूर्याच्या आधाराने डोलणे मोजणारा यॉसोन्द आला. गोळ्याच्या नाकाशी एकमेकींना तिरक्या बारीक फटी आणि त्यांमागे प्रकाश टिपणारे सेल. प्रत्येक गिरकीत सूर्य एका फटीसमोरून दुसरीसमोर यायला किती वेळ लागतो, त्यावरून गोळ्याचा सूर्याशी असलेला कोन निघे. ज्या गिरकीची आजवर अडचण होती, तीच मापनाचे साधन झाली. खरी झेप मला इथे दिसते.

अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेत थॉमस हार्किन्स आणि डेव्हिड हेपनर यांनी 2000च्या सुमारास मांडलेला मॅगसोन्द याच वाटेने जातो. सेन्सर गोळ्याच्या अक्षाशी समजा 60 अंशांत तिरका बसवला. गोळा फिरताना त्याचा सिग्नल धन-ऋण होत राहतो. अक्ष चुंबकीय क्षेत्राला काटकोनात असेल, तर गिरकीचा अर्धा वेळ धन, अर्धा ऋण. अक्ष क्षेत्राशी 60 अंशांवर आला, की 4 मिलिसेकंदांच्या गिरकीत सुमारे 2.43 मिलिसेकंद धन आणि 1.57 ऋण. क्षेत्र किती प्रबळ आहे, हे या हिशेबात येतच नाही; सिग्नल शून्य ओलांडतो ते क्षण तेवढे टिपायचे. रात्र असो वा ढगाळ दिवस, सूर्याची वाट पाहावी लागत नाही.

सेन्सर लहान झाले नसते तर हे सारे कागदावरच राहिले असते, असा आक्षेप येईल. तो निम्मा खरा आहे; फ्यूजच्या टोपणात मावणारा सेन्सर हवाच होता. पण चुंबकीय क्षेत्राने धातूचा विद्युतरोध बदलतो हे विल्यम थॉमसन यांनी 1857 सालीच दाखवले होते, आणि दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला विमानांतून मॅग्नेटोमीटर वापरले गेले होते. नुसते साधन हाती असणे पुरेसे नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पृथ्वीचे क्षेत्र सगळीकडे एका दिशेने नसते, आणि ते हळूहळू सरकतही असते. म्हणूनच या पद्धतीला वेधशाळांच्या दीर्घ नोंदींचा आधार लागतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवली गेली, तेव्हा 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या, त्या याच सातत्यासाठी. असल्या नोंदींतूनच पृथ्वीच्या क्षेत्राचे जागतिक नकाशे बनतात. उरलेल्या मर्यादा मात्र मान्य करायलाच हव्यात. पोलादी कवच क्षेत्र वाकवते, फिरत्या धातूत उठणारे प्रवाह सिग्नल पुढे-मागे सरकवतात, आणि वरच्या उदाहरणातला गोळा क्षेत्ररेषेच्या 30 अंशांच्या आत शिरला तर सिग्नल शून्य ओलांडतच नाही. शिवाय एका क्षेत्राशी एकच कोन कळतो, पूर्ण दिशा नाही. म्हणून त्याच प्रयोगशाळेने पुढे चुंबकीय सेन्सर आणि सूर्यसेन्सर एकाच फ्यूजमध्ये बसवले. दोन निरनिराळ्या दिशांशी असलेले कोन मिळाले, की गोळ्याची दिशा गणिताने काढता येते.