नदीनामे, प्राचीन यूरोपीय

यूरोपातील नदीनामांचा एक जुना थर. केल्टिक, जर्मानिक, स्लाव्हिक या ज्ञात शाखांतून त्याची फोड नीट होत नाही, म्हणून तो त्यांच्याही आधीचा मानतात. वस्ती वा सत्ता बदलली की गावांची नावे बदलतात. मोठ्या नदीचे नाव मात्र नवे लोक बहुधा जुन्यांकडूनच घेतात. या अभ्यासाची सारी मदार यावर आहे.

हान्स क्राहे (१८९८–१९६५) या जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी १९४९ नंतरच्या लेखनातून ही कल्पना मांडली. आधी ते अशी पुष्कळ नावे इलिरियन ठरवीत. ते मत त्यांनी पुढे सोडले. नावाचे सर्वांत जुने लिखित रूप गाठायचे, त्यातून पाणी, प्रवाह, वेग अशा अर्थाचा धातू व प्रत्यय सुटे करायचे आणि तीच जोडणी दूरच्या प्रदेशांत आढळते का ते पाहायचे, ही त्यांची रीत. ‘इसारा’ हे त्यातले ठळक उदाहरण : बव्हेरियातील ईझार, फ्रान्समधील ईझेर व वाझ, चेक प्रदेशातील यिझेरा. वाझकाठच्या पाँत्वाझचे रोमन मार्गसूचीतील नाव ब्रिव्हा इसारे, म्हणजे इसारेवरचा पूल. या गटाशी वैदिक ‘इषिर’ (जोमदार) जोडतात. मध्य यूरोपातील द्रावा व फ्रान्समधील द्यूरांस (लॅटिन द्रुएन्तिया) यांमागे ‘द्रवति’मधला धावण्याच्या अर्थाचा धातू धरतात. संस्कृत जाणणाऱ्याला ही साम्ये चटकन पटतात. जुने रूप हाती नसेल तर ती फसवीही ठरतात.

डॉन, नीपर, नीस्टर ही नावे वेगळी काढावी लागतात. ती इराणी आहेत : अवेस्तामधील ‘दानु’ म्हणजे नदी, ओसेटिक ‘दोन’ म्हणजे पाणी. डॅन्यूब याच धातूचे, पण बहुधा केल्टिकमार्गे आलेले.

व्होल्फगांग श्मिड यांच्या मते ही नावे कोण्या पश्चिमी पोटभाषेची नसून थेट मूळ इंडो-यूरोपीयची होत. त्यांचा केंद्रबिंदू त्यांनी बाल्टिक प्रदेशात मानला. टेओ फेनेमान यांनी ‘अ’ स्वराच्या प्राबल्यावरून ती बास्कच्या प्राचीन कुळातली ठरवली. पिरेनीजमधील आरान खोऱ्याच्या नावात बास्क ‘हारान’ (दरी) आहे, एवढे सामान्यतः मान्य. त्यापुढची मांडणी बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ स्वीकारत नाहीत. आजच्या बास्क शब्दांवरून प्रागैतिहासिक नावे सोडवण्यास बास्कच्या अभ्यासकांनीच हरकत घेतली आहे.

कालनिर्णय : क्राहे यांच्या मते इ. स. पू. दुसरे सहस्रक, विवाद्य.

गावांची नावे : बहुतांशी उत्तरकालीन, काही नदीवरून पडलेली, उदा., इन्सब्रुक (इन नदीवरील पूल).