‘स्टॅमर’ : अडखळत्या वाणीच्या एका शब्दाचा इतिहास

आजचा धागा एका इंग्रजी शब्दाचा. स्टॅमर, म्हणजे बोलताना अडखळणे, तोतरे बोलणे.

राजांना ‘महान’, ‘शूर’ अशी बिरुदे मिळतात. इ.स. ८७७ ते ८७९ या काळात पश्चिम फ्रँक राज्यावर बसलेल्या दुसऱ्या लुईच्या वाट्याला आले ते ‘तोतरा’. इंग्रजी ग्रंथांत तो आजही ‘लुई द स्टॅमरर’ म्हणूनच भेटतो. त्याच शतकातला बायझंटाइन सम्राट दुसरा मायकेल (८२०–८२९) एका राजवंशाचा संस्थापक; त्याचेही ग्रीक टोपणनाव ‘प्सेल्लोस’, अर्थ तोच.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप ‘स्टॅमेरियन’. जर्मन ‘श्टामेल्न’ हे त्याचे भावंड. चौथ्या शतकात वुल्फिलाने केलेल्या गॉथिक बायबलमध्ये वाचादोष असलेल्या माणसासाठी ‘स्टाम्स’ हा शब्द येतो. धातूचा मूळ अर्थ अडवणे, थोपवणे; प्रवाह रोखणे या अर्थाचे ‘स्टेम’ हे क्रियापद याच कुळातले. शेवटचा ‘अर’ प्रत्यय पौनःपुन्य दाखवतो. म्हणजे पुन्हा पुन्हा अडणे. या घडणीत ना जिभेचा उल्लेख आहे, ना बुद्धीचा. शब्द घडवणारे लोक पुढच्या कित्येक वैद्यांपेक्षा अधिक अचूक होते, असे मला वाटते.

कारण वैद्यांनी दोष जिभेत शोधला. १८४१ मध्ये बर्लिनचा विख्यात शल्यविशारद योहान डिफेनबाख याने तोतरेपणा घालवण्यासाठी जिभेच्या मुळाशी छेद घेण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ईथरची गुंगी रूढ होण्यास तेव्हा अजून पाच वर्षे होती. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असे.

‘स्टटर’ हा जुळा शब्द सोळाव्या शतकातला. ब्रिटनमध्ये आज ‘स्टॅमर’ चालतो, अमेरिकेत ‘स्टटर’. अर्थात भेद नाही.

(जाता जाता : संस्कृत ‘गद्गद’चाही एक अर्थ हाच. सुश्रुतसंहितेत तो वाणीच्या विकारांत येतो. मराठीने मात्र तो भावनेने दाटलेल्या कंठासाठी राखला.)

ब्रिटनचा सहावा जॉर्ज राजा होण्याच्या दहा वर्षे आधी, १९२६ मध्ये, लायनेल लोग या ऑस्ट्रेलियन वाक्-उपचारकाकडे गेला. लोगने त्याच्या जिभेला हात लावला नाही. श्वास आणि उच्चार यांचा सराव करून घेतला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीशी युद्ध पेटल्याचे राजाने रेडिओवरून साम्राज्याला सांगितले. त्या साम्राज्यात हिंदुस्थानही होता. भाषणात विराम दीर्घ आहेत. पण ते पूर्ण झाले, आणि इतिहासाने लुईप्रमाणे त्याच्या नावाला ‘स्टॅमरर’ जोडले नाही.