हळदीआधीची कॅसेट

कशेळीचा पूल ओलांडून काल्हेर मागे पडलं की आज पूर्णा गावात डोळ्यांत भरतात ती गोदामं. पत्र्याच्या उंच भिंती आणि त्यांच्या तोंडाशी ताटकळलेले कंटेनर. तुम्ही दोन गोदामांमधल्या बोळात वळता आणि पलीकडे १९९० चा वैशाख लागतो.

इथे पत्रा नाही. भाताची उघडी खाचरं आहेत, राब भाजल्याचा वास आहे आणि लग्नसराई आहे. ऊन उतरलंय. गावातल्या तीन घरांतून तीन गाणी एकदम येतायत, त्यामुळे कोण काय ऐकतंय हे विचारायची गरजच पडत नाही. एका घरात प्रल्हाद शिंद्यांचा खडा आवाज, पलीकडे भीमसेन जोशींची ‘अभंगवाणी’, आणि ज्या घरी परवा हळद आहे तिथे ‘मैंने प्यार किया’. डिसेंबरात पिक्चर लागला तेव्हापासून ही कॅसेट थांबलेली नाही.

तुम्ही त्या हळदीच्या घरी ओटीवर बसता. स्टुलावर टू-इन-वन आहे. विणलेला रुमाल त्याच्यावरून अर्धा सरकवून ठेवलाय. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक तरी कॅसेट असते आणि प्रत्येकाला तोच प्रश्न होतो, “कनची आनलीस रं?”

रीत साधी आहे. एक ठेवायची, एक न्यायची. ठेवलेली परत येईपर्यंत तुमच्याकडे ते गाणं नसतं. आपल्याला आवडलेलं दुसऱ्याला ऐकवायचं म्हणजे आठवडाभर आपण त्याच्यावाचून राहायचं. या देण्याला खरी किंमत होती असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच घेणाराही ती कॅसेट दोन्ही बाजूंनी, न आवडणारी गाणी धरून, शेवटपर्यंत ऐकायचा.

आता भिवंडीहून सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारा एक तरुण येतो. पाळी बारा तासांची. मागांच्या खडखडाटात गाणं कानी पडणं शक्य नाही, आणि त्या आवाजाची सवय झालेला कान घरी आल्यावर हळू गाणं पकडत नाही. आल्या आल्या तो आवाजाचं बटण पुढे फिरवतो. त्याच्या पिशवीत त्या शहराचं सगळं ऐकणं आहे. शेजारच्या सांच्यावरच्या आझमगडच्या माणसाने दिलेला बालेश्वर यादवांचा बिरहा, साबरी बंधूंची कव्वाली, आणि कामगारांच्या खोलीत भरून घेतलेली एक साधी कॅसेट, जिच्यावर पेनाने तेलुगू अक्षरं आहेत.

“ही पद्मानगरची,” तो म्हणतो. तेलंगणातून आलेल्या विणकरांची ती वस्ती. कॅसेट ‘गीतांजली’ची आहे, मणिरत्नमचा गेल्या वर्षीचा पिक्चर, संगीत इळयराजांचं. एक शब्द कुणाला कळत नाही. तरी अर्ध्या मिनिटात आतल्या खोलीतून नवरदेवाची बहीण धावत येते. “अगो बाय, यो तर सलमानचा आवाज!”

तिचा कान बरोबर आहे. ‘मैंने प्यार किया’त सलमान खानसाठी गायलेत ते एस. पी. बालसुब्रह्मण्यम, आणि इथेही तेच. पूर्ण्याच्या ओटीवर ही ओळख कुठल्याही पाकिटावरचं नाव न वाचता पटते. मग आजोबा पुढे होऊन सांगतात की संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे मूळचे विजय पाटील, नागपूरचे. पाटील हे नाव ऐकल्यावर अर्ध्या गावाला आनंद होतो, कारण अर्ध्या गावाचं तेच आडनाव.

तेवढ्यात गाणं घोगरं होतं, लांबतं आणि थांबतं. रीळ गुंडाळली गेली. दादूस, म्हणजे थोरला भाऊ, झाकण उघडून तपकिरी चुरगाळा हलक्या हाताने सोडवतो. एक तुकडा पार चोळामोळा झालाय. तो बोटभर तुकडा तो कात्रीने काढून टाकतो, कोपऱ्यांतले बारके स्क्रू सोडवतो, दोन्ही टोकं एकमेकांवर घेतो आणि वहिनीच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो. रीळ सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते. म्हणजे गाण्यातला साधारण एक सेकंद गेला. यापुढे ही कॅसेट ऐकणारा प्रत्येक जण ते गाणं एक अक्षर गिळूनच शिकेल, आणि कुठल्या लग्नात कुणी तिथेच अडखळलं तर बाकीच्यांना कळेल की हा पूर्ण्याच्या कॅसेटवर वाढलाय. पद्मानगरला मात्र काय सांगायचं, याची चिंता दादूसच्या कपाळावर दिसते. ती परत जाताना सोबत अख्खी ‘मैंने प्यार किया’ पाठवायचं तो कबूल करतो.

पण तीही आता अख्खी राहिलेली नाही. काल धवलारीण आजी आली होती. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालतात ते तिच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगीतांवर, आणि हे धवले तिच्या तोंडीच असतात, कागदावर नाहीत. दादूसला ते टेपवर हवे होते, कोरी कॅसेट घरात नव्हती. छापील कॅसेटच्या मागच्या कडेला दोन खाचा असतात. त्या मोकळ्या असल्या की यंत्र काही भरून घेत नाही. त्याने खाचांत कागदाचे बोळे कोंबले आणि दुसऱ्या बाजूवर आजीचा आवाज भरला.

दुरुस्त झालेली तेलुगू कॅसेट बाजूला जाते, ही आत बसते. आधी कुत्र्याचं भुंकणं, मग भांडं पडल्याचा आवाज, आणि मग ती. एका सुरात, घाई न करता, देवांना लग्नाला बोलावणारी. ओटी बायकांनी भरते. तुम्ही आजवर ऐकलेल्या कुठल्याही आल्बमपेक्षा ही बाजू अधिक दाटीने ऐकली जातेय, कारण ऐकणाऱ्या सगळ्यांना ती येते.

आणि म्हणूनच भांडण लागतं. “गावदेवी र्‍हायली ना! आदी गावदेवी, मंग एकवीरा.” दुसरी म्हणते, तिच्या माहेरी एकवीराच आधी. तिसरीला मामाचं नाव हवंय. धवला प्रत्येक मांडवात थोडा निराळा होतो, घरातल्या माणसांप्रमाणे. टेपवर तो एकाच संध्याकाळचा अडकलाय. आजी स्वतः भिंतीला टेकून ऐकतेय आणि तिलाही ते पसंत नाही.

“पुन्यांदा भर,” ती म्हणते.

दादूस पहिल्या बाजूकडे बघतो. तिथे अजून सलमान आहे. पद्मानगरला द्यायचा शब्द आहे. नवरदेवाची बहीण कॅसेट छातीशी धरून मागे सरते, आत्या ती तिच्याकडून काढून घेते, वहिनी कुत्र्याला बाहेर हाकलते. कुणाचा तरी हात तुम्हांला स्टुलाकडे ढकलतो, कारण तुम्हीच सगळ्यांत जवळ बसलाय.

“दोनी बटनं एकदम दाब. आनि कोनी बोलू नका.”