'येथे राहत होते': ठेचेच्या दगडांवरील संहिता

नाझी राजवटीच्या छळाला बळी पडलेल्या माणसांच्या घरांपुढे, पदपथातच बसविलेल्या पितळी मुखाच्या लहान दगडांना जर्मन भाषेत 'श्टोल्परश्टाइन', म्हणजे ठेचेचे दगड, म्हणतात. गुंटर डेम्निग या शिल्पकाराने १९९२ साली कोलोनच्या नगरभवनासमोर पहिला दगड बसविला. त्यावर कोणाचेही नाव नव्हते. होता तो सिंती व रोमांच्या हद्दपारीविषयीच्या हिमलरच्या आदेशाचा प्रारंभ. नावे नंतर आली. १९९६ साली बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात ती परवानगीवाचून आली, आणि २०२३ साली न्यूरेंबर्ग येथे दगडांची संख्या एक लाखावर पोहोचली.

या संख्येपेक्षा दगडावरील संहिता अधिक विचारार्ह आहे. 'येथे राहत होते', नाव, जन्मवर्ष, हद्दपारीचे साल, 'हत्या' : एवढाच मजकूर. त्यातील 'राहणे' हे क्रियापद निरागस नाही. २५ नोव्हेंबर १९४१ च्या वटहुकुमानुसार ज्याचे वास्तव्य परदेशी, त्या ज्यूचे नागरिकत्व संपे आणि मालमत्ता सरकारजमा होई. बळाने सरहद्दीपलीकडे नेलेल्यांनाही याच व्याख्येत बसविले गेले. म्हणजे लूट कायदेशीर ठरली ती 'वास्तव्य' या शब्दाच्या आधारे. दगड तोच शब्द परत घेतो. शिवाय तो बसतो स्वेच्छेने निवडलेल्या अखेरच्या घरापुढे. १९३९ नंतर ज्या 'ज्यू-घरांत' माणसे कोंबली गेली, तेथे सहसा नव्हे. दप्तरातील अखेरचा पत्ता असा नाकारला जातो.

मात्र ही संहिता सर्वत्र सावध राहिलेली नाही. काही दगडांवर नाझी न्यायालयांनी ठेवलेले आरोप अवतरणचिन्हांत कोरले गेले, आणि वंशजांनी त्यास हरकत घेतली. ती रास्तच म्हटली पाहिजे: वाटसरूच्या नजरेस शिवी आधी दिसते, अवतरणचिन्ह मागाहून.

म्युनिकचा आक्षेप वेगळा. तेथील ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोट क्नोब्लोख यांच्या मते मृतांची नावे पुन्हा पायदळी जातात. नगरपरिषदेने २००४ साली सार्वजनिक जागेत हे दगड नाकारले, २०१५ साली तो निर्णय कायम केला. २०१८ पासून तेथे भिंतीवरील फलक आणि स्तंभ आहेत. नाव डोळ्यांच्या उंचीवर आले. ते वाचण्यासाठी वाकण्याची क्रिया मात्र उरली नाही.

एका उंबऱ्यापुढे कुटुंबाचे दगड शेजारी शेजारी बसतात. परदेशी पाठविल्यामुळे वाचलेल्या मुलाचा दगडही आईवडिलांच्या दगडांलगत असतो. फरक फक्त शेवटच्या ओळीत.