फाइलीच्या नावातला 'य'

'१५/८/१९४७' असं नाव विंडोजच्या संगणकावर एखाद्या फाइलीला देऊन पाहा. संगणक ते घेत नाही. अडतं ते तिरक्या रेघेपाशी. या रेघेची हकिगत थेट आपल्या 'य'पर्यंत येते, म्हणून ती सांगतो.

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या 'आस्की' तक्त्यात चिन्हांना ० ते १२७ मधले क्रमांक मिळाले. तिरकी रेघ ४७ वर बसली. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स जन्माला आलं. तिथं फोल्डरचं नाव संपल्याची खूण म्हणून हीच रेघ घेतली गेली. फाइलीच्या नावात ४७ आणि ० वर्ज्य, बाकी काहीही चालेल. इंग्रजीपुरतं हे झकास होतं.

१९९१ मध्ये युनिकोड आलं. प्रत्येक अक्षराला दोन आकडे द्यायचे ठरले. 'य'च्या वाट्याला आले ९ आणि ४७! 'विनय' नावाची फाइल तशीच युनिक्सला दिली असती, तर 'य'च्या पोटातला ४७ बघून त्याला वाटलं असतं, फोल्डर संपला. (इंग्रजी 'ए'ही सुटत नव्हता; त्याचे आकडे ० आणि ६५.) ही भीती नुसती कागदावरची नव्हती. विंडोजमध्ये फोल्डरची खूण उलटी तिरकी रेघ, क्रमांक ९२. आणि जपानमध्ये रुळलेल्या संकेतपद्धतीत 'सो' या अक्षराचा दुसरा आकडा नेमका ९२. एकेक आकडा सुटा वाचणारे प्रोग्रॅम तिथं फाइलीचं नाव मध्येच तोडत.

सप्टेंबर १९९२. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक केन थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक न्यू जर्सीतल्या एका साध्या उपाहारगृहात जेवायला बसले होते. ताटाखालच्या कागदावर थॉम्प्सन यांनी नवी मांडणी केली. ० ते १२७ हे आकडे जुन्या चिन्हांचेच राहतील. इतर कुठल्याही अक्षराचा एकही आकडा १२८ च्या खाली येणार नाही. काही दिवसांतच त्यांची 'प्लॅन ९' ही प्रणाली त्यावर चालू लागली. हीच आजची यूटीएफ-८.

तिच्यात 'य' २२४, १६४, १७५ असा लिहिला जातो. मराठीला इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते, अशी कुरकुर आपल्याकडे होते. ती खरी आहे. पण त्या तिसऱ्या आकड्याच्या मोलात आपला 'य' युनिक्सवरच्या कुठल्याही फाइलीच्या नावात बिनधोक बसतो, आणि मला तरी हा सौदा स्वस्तच वाटतो.