रुग्णाभोवतीचं रिंगण

देवीची लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला. पुढची पावणेदोनशे वर्षं देशात लस होती, टोचणारे होते, सक्तीचे कायदेही होते. तरी १९७४ मध्ये बिहारात देवीने थैमान घातलंच. आणि वर्षभरातच, मे १९७५ मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण नोंदवला गेला. मधल्या काळात बदलला तो लस आधी कुणाला टोचायची याचा हिशेब: आधी रुग्ण शोधायचा आणि त्याच्या आसपासच्या लोकांना टोचायचं. ‘वलय लसीकरण’ म्हणतात ते हेच.

या पद्धतीचे पूर्वज इंग्लंडातल्या लेस्टर शहरात सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या लोकांनी सक्तीच्या लसीकरणाला कडाडून विरोध केला. तेव्हा नगरपालिकेने रुग्णाची तातडीने नोंद, त्याचं विलगीकरण आणि संपर्कातल्या माणसांवर पाळत, यांवर भर दिला.

त्याला लशीची जोड मिळाली डिसेंबर १९६६ मध्ये, पूर्व नायजेरियात. देवीची साथ आली होती आणि सगळ्यांना पुरेल इतकी लस नव्हती. विल्यम फेगी या अमेरिकन डॉक्टरने मिशनऱ्यांच्या वायरलेसवरून गावोगावची खबर मागवली. रुग्ण जिथे होता तिथल्या लोकांना आधी लस दिली; मग त्या गावांचे बाजार आणि सोयरीकसंबंध कुठे आहेत ते पाहून पुढची गावं निवडली. तरुणपणी त्यांनी जंगलातले वणवे विझवले होते. आगीच्या वाटेतलं जळण आधीच काढून जाळरेषा आखायची, तेच त्यांनी इथे केलं. निम्म्याहून कमी लोकांना लस मिळूनही साथ थांबली.

देवीच्या स्वभावामुळे हे जमलं. पुरळ लपत नसे, प्राण्यांमध्ये रोग दडून राहत नसे आणि संसर्गानंतर तीन-चार दिवसांत टोचलेली लसही बहुधा वाचवत असे. कोविड लक्षणांआधीच पसरतो, म्हणून तिथे असं रिंगण आखणं फार अवघड गेलं.

भारतात ऑक्टोबर १९७३ पासून आरोग्य कर्मचारी घरोघर फिरू लागले. देवी झालेल्या बाळाचं चित्र हातात धरून ते विचारत, ‘असं कुणी पाहिलंय का?’ आठवडी बाजारात, शाळांत हाच प्रश्न. पहिल्याच फेरीत उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये हजारो लपलेले रुग्ण सापडले. आकडे फुगलेले पाहून टीका झाली, पण शोध थांबला नाही. रुग्णाच्या दारावर पहारा बसला, खबर देणाऱ्याला बक्षीस मिळू लागलं. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झालं.

२०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या नव्या लशीची चाचणी याच पद्धतीने झाली. पुढे काँगोच्या पूर्व भागात २०१८ ते २०२० या काळात तीन लाखांहून अधिक लोकांना लस मिळाली. पण बंदुकांच्या धाकात, जिथे लोकांचा सरकारवर विश्वास नव्हता, तिथे प्रत्येक रिंगण पूर्ण करताना जिवाचं रान करावं लागलं.

साथीच्या तयारीची चर्चा आपल्याकडे लस, खाटा आणि प्राणवायूपाशी संपते. या सगळ्याची गरज आहेच. पण रिंगणाची सुरुवात पहिला रुग्ण सापडण्यापासून होते, आणि तो सापडतो जिला घरातलं आजारपण सांगायला लोक कचरत नाहीत अशा आशाताईला किंवा आरोग्यसेविकेला. हा विश्वास साथ आल्यावर उभा करता येत नाही. म्हणून तिचं वेळेवरचं मानधन, तिचं प्रशिक्षण आणि तिच्या अहवालाची तत्काळ दखल ही साथीच्या तयारीतली पहिली तरतूद असली पाहिजे.